फौंड्रीवाल्याच्या घरातील धातूचे दात

बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीच्या मेथड्स विभागात मी एकतीस वर्षे काम केले. कास्टिंगला गेट, म्हणजे साच्यात धातू शिरण्याची वाट, कुठून द्यायचा, थिजताना धातू पुरवणारा साठा, म्हणजे रायझर, किती मोठा ठेवायचा आणि धातू थिजताना पोकळी कुठे पडेल, याचा अंदाज बांधणे हाच माझा पोटापाण्याचा उद्योग होता. त्यामुळे २०१४ साली खालच्या डाव्या बाजूला ब्रिज बसवायचे ठरले आणि दंतवैद्यांनी ‘आतला धातू लॅबमधून कास्ट होऊन येईल’ असे सांगितले, तेव्हा मी निश्चिंत झालो, आणि विचारायला हवे होते ते काहीच विचारले नाही. त्यानंतर आमच्या घरात धातूची आणखी तीन कामे झाली. २०१५ मध्ये पत्नीसाठी ओतीव धातूची काढता-घालता येणारी प्लेट झाली, माझा पहिला ब्रिज निकामी झाल्यावर २०२१ मध्ये लेझर सिंटरिंगचा, म्हणजे धातूची भुकटी लेझरने थरावर थर वितळवून केलेला, दुसरा ब्रिज बसला आणि त्याच्या पुढच्या वर्षी मेहुण्यांच्या इम्प्लांटवर, म्हणजे हाडात रोवलेल्या कृत्रिम मुळांवर, मिलिंग करून म्हणजे यंत्राने कोरून काढलेला ब्रिज आला. धातूला आकार देण्याच्या या तीन पद्धतींविषयी, पैसे मोजणारा ग्राहक म्हणून आणि ओतकामाची थोडीफार जाण असलेला माणूस म्हणून, जे दिसले ते येथे लिहितो. दवाखान्यांची आणि लॅबची नावे मुद्दाम देत नाही, कारण ज्या कामाबद्दल माझी तक्रार आहे त्या कामाची दुसरी बाजू मी ऐकलेली नाही.

पहिला ब्रिज तीन दातांचा होता. मधली दाढ काढलेली, तिच्या पुढची उपदाढ आणि मागची दाढ घासून त्यांवर दोन कॅप, आणि त्या दोहोंच्या आधारावर मधला दात, अशी ती रचना होती. दिसायला काम सुबक होते आणि चार वर्षे त्याने काही त्रास दिला नाही. पुढे एका दिवाळीत गोकाकचा करदंट खाताना मागच्या कॅपवरच्या सिरॅमिकचा टवका उडाला. (करदंटात मराठी कानाला दंत ऐकू येतो, पण कन्नडमध्ये त्याचा अर्थ तळलेला डिंक असा आहे, दातांशी त्याचा संबंध येतो तो खाल्ल्यानंतरच.) दवाखान्यात गेलो तेव्हा कडक खाल्ल्याबद्दल मलाच चार शब्द ऐकावे लागले आणि खडबडीत कडा घासून मला घरी पाठवण्यात आले. सहाव्या वर्षाच्या अखेरीस मधल्या दातापाशी काहीतरी हलल्यासारखे वाटू लागले, आणि हिरडीची कड तर त्याआधीपासूनच काळपट झाली होती.

तेव्हा मी दवाखाना बदलला. नव्या डॉक्टर बाईंनी ब्रिज कापून काढला आणि मी मागितल्यावर त्याचे तुकडे पुडीत बांधून दिले. ती पुडी घेऊन मी माझ्या जुन्या फौंड्रीच्या प्रयोगशाळेत गेलो. तेथील मुलांनी मधला तुकडा बेकेलाइट या कडक प्लास्टिकमध्ये बसवला, एमरी पेपरच्या एकाहून एक बारीक पट्ट्यांवर घासला, हिऱ्याच्या पेस्टने आरशासारखा चमकवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मधला दात आणि मागची कॅप जेथे जोडलेली होती, नेमक्या त्या गळ्यात वेड्यावाकड्या, करवती कडांच्या पोकळ्यांची रांग दिसली. वायूने पडलेली छिद्रे गोल आणि गुळगुळीत असतात. अशा करवती कडांची पोकळी म्हणजे श्रिंकेज, धातू आकसल्याने पडलेली, हे आमच्याकडे नवख्या पोरालाही दुसऱ्या आठवड्यात कळते. मधला दात हा त्या ब्रिजमधला सर्वांत जाड भाग असल्याने तो शेवटी थिजतो आणि थिजताना शेजारच्या गळ्यातला अजून द्रव असलेला धातू ओढून घेतो. त्याला बाहेरून धातू पुरवणारा साठा, म्हणजे आमच्या भाषेतला रायझर, एकतर ठेवलेला नव्हता किंवा इतका बारीक होता की तोच आधी थिजून गेला. सहा वर्षे मी अर्ध्या पोकळ गळ्याच्या जोरावर भाकरी चावत होतो आणि दोष मात्र करदंटाला दिला गेला होता.

धातू कोणता होता तेही पाहायचे होते. धातूतले घटक मोजणाऱ्या आमच्या स्पेक्ट्रोमीटरला एवढा छोटा नमुना चालत नाही, म्हणून ओळखीच्या सराफांकडे सोन्याचा कस तपासण्याचे क्ष-किरणांचे जे यंत्र असते त्यावर तुकडा ठेवला. ते यंत्र अशा धातूसाठी जुळवलेले नसते, तेव्हा त्याचे आकडे ढोबळच समजायचे. परंतु निकेल सर्वांत जास्त आणि त्याखालोखाल क्रोमियम, एवढे स्पष्ट कळले. बिलावर तर ‘मेटल सिरॅमिक ब्रिज, तीन युनिट’ इतकेच लिहिलेले होते. निकेल-क्रोमियम हा काही बनावट धातू नव्हे. स्वस्त आणि ओतायला सोपा असल्याने तो अनेक वर्षे वापरात आहे. अडचण अशी की निकेलची अ‍ॅलर्जी अनेकांना असते, विशेषतः कानांत खोटे दागिने घालून ती जडलेल्या स्त्रियांमध्ये, आणि काही जुन्या निकेल मिश्रधातूंत ओतणे सुलभ व्हावे म्हणून बेरिलियमही घातलेले असे. बेरिलियमची धूळ श्वासावाटे गेली तर फुफ्फुसांना कायमची इजा होते, म्हणजे धोका मुख्यतः घासकाम करणाऱ्या कारागिराला असतो. आयएसओ २२६७४ या दंतधातूंच्या मानकाने बेरिलियम आणि कॅडमियम यांची मर्यादा ०.०२ टक्के ठेवली आहे, आणि निकेल ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर ते वेष्टनावर जाहीर करणे बंधनकारक केले आहे. माझ्या ब्रिजमध्ये बेरिलियम होते की काय ते सराफाचे यंत्र सांगूच शकत नव्हते, कारण इतके हलके मूलद्रव्य त्याच्या टप्प्यात येत नाही.

एवढे वाचून ओतीव काम वाईट असा ग्रह कोणी करून घेऊ नये. मेणाचा नमुना करून, त्याभोवती साचा घालून, मेण जाळून त्या पोकळीत धातू ओतण्याची रीत मूर्तिकारांकडे हजारो वर्षांपासून आहे. दंतवैद्यकात ती रूढ केली विल्यम टॅगार्ट या अमेरिकी दंतवैद्याने, १९०७ साली. योगायोग असा की त्याच वर्षी एल्वुड हेन्स याला कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचे पेटंट मिळाले, आणि आज तोंडात बसणाऱ्या बिनसोन्याच्या धातूकामाचा मोठा हिस्सा त्याच कुळातला आहे. कोबाल्ट साधारण साठ टक्के, क्रोमियम पंचवीस ते तीस टक्के आणि उरलेल्यात मॉलिब्डेनम, टंगस्टन अशी त्याची घडण असते. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा पृष्ठभागावर धरतो म्हणून लाळेत तो गंजत नाही.

मात्र हा धातू ओतणाऱ्याची परीक्षा पाहतो. तो १३०० ते १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि थिजून थंड होताना सुमारे सव्वादोन टक्के आकसतो. आम्ही बिडाच्या पॅटर्नला, म्हणजे ज्याच्यावरून साचा करतात त्या नमुन्याला, जेमतेम एक टक्का वाढ देतो, त्याच्या दुपटीहून हे अधिक झाले. बिडाच्या कास्टिंगवर मशिनिंगसाठी दोन-तीन मिलिमीटरचे मांस तरी ठेवलेले असते; दाताच्या कॅपच्या आतल्या बाजूला अशी कोणतीही सवलत नाही, ती ओतल्याबरोबर दाताच्या बुंध्यावर बसलीच पाहिजे. ही सव्वादोन टक्क्यांची तूट साच्याच्या फुगण्यातून भरून काढतात. फॉस्फेटयुक्त साच्याची पूड कालवताना त्यात सिलिकाचे द्रव किती आणि पाणी किती घालायचे, यावर तो साचा किती फुगणार ते ठरते. लॅबमध्ये मी हे पाहिले तेव्हा कारागीर तराजूवर पूड तोलत होता आणि द्रव इंजेक्शनच्या सिरिंजने मोजत होता. ज्या लॅबमध्ये हे अंदाजपंचे चालते तेथे एक कॅप घट्ट तर दुसरी सैल आल्यास नवल नाही.

दुसरा आणि मला अधिक गंभीर वाटणारा प्रश्न रिटर्न्सचा, म्हणजे पुन्हा वापरल्या जाणाऱ्या जुन्या धातूचा. ओतून झाल्यावर तोडलेली नळी आणि तळाशी राहिलेला गड्डा पुन्हा वितळवायचा मोह प्रत्येक फौंड्रीला होतो, आणि आम्हीही तेच करतो. पण आम्ही चार्ज, म्हणजे भट्टीत घालायचा माल, मांडताना रिटर्न्स किती टक्के ते लिहितो, हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला धातू, काढल्यावर नमुना स्पेक्ट्रोवर ठेवतो आणि कमी पडलेले घटक घालतो. छोट्या दंतलॅबमध्ये ना स्पेक्ट्रो असतो ना हीट नंबर. पुन्हापुन्हा वितळवलेल्या धातूतले जळण्याजोगे घटक कमी होत जातात, त्याच्यावरील ऑक्साइडचा थर बदलतो आणि सिरॅमिकची पकड त्या थरावरच अवलंबून असते. त्यात अ‍ॅसिटिलीनच्या ज्योतीने वितळवले तर धातू कार्बन शोषतो आणि ठिसूळ होतो. म्हणून ओतीव काम घेणाऱ्याने लॅबला एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो हा विचारावा: प्रत्येक ओतीत नवा धातू किती आणि जुना किती? उत्तरापेक्षा, उत्तर द्यायला लागलेला वेळ अधिक सांगून जातो.

पत्नीची प्लेट हे याच पद्धतीचे चांगले रूप आहे. वरच्या जबड्यातील चार दातांसाठी कोबाल्ट-क्रोमियमची ती प्लेट आहे. टाळूवर येणारा पट्टा नखाएवढा पातळ, आणि उरलेल्या दातांना धरणाऱ्या कड्या अंगच्याच, एकाच ओतीत आलेल्या. कडीचे टोक दाताच्या फुगवट्याखाली जेमतेम पाव मिलिमीटर आत शिरते आणि रोज दोन-चारदा काढता-घालताना तेवढेच लवते. हे लवणे वर्षानुवर्षे सोसायचे तर धातूत पोकळी चालत नाही, कण फार भरड चालत नाहीत आणि कार्बन तर मुळीच वाढून चालत नाही. त्याच मानकात अशा पातळ कामाच्या धातूला किमान ५०० मेगापास्कलची ताकद लागते असे ठरवलेले आहे. हे काम ज्या लॅबने केले तिने प्लेटबरोबर धातूच्या पाकिटावरचे लेबल कापून दिले होते, बॅच क्रमांकासह. तेव्हा मला त्याचे महत्त्व वाटले नाही. आज ते लेबल गॅसच्या पुस्तकाबरोबर ठेवले आहे. प्लेट अजून वापरात आहे. मधल्या काळात एक कडी किंचित सैल झाली, ती डॉक्टरांनी चिमट्याने बसवून दिली. प्लेट बशीत आपटल्याचा आवाज झाला की जेवण उरकले, हे घरातल्या नातवंडांनाही कळते.

आता दुसऱ्या ब्रिजकडे वळतो. नव्या डॉक्टर बाई कन्नडभाषक असल्या तरी माझ्याशी आवर्जून मराठीत बोलतात. त्यांनी ओतीव आणि लेझर असे दोन दर सांगितले. लेझरचा दर साधारण दीडपट होता. धातू मात्र दोन्हीकडे कोबाल्ट-क्रोमियम, निकेलविरहित. मी पूर्वानुभवाने शहाणा झालेला असल्याने लॅब पाहू देण्याची अट घातली. ‘काका, आजवर कोणी लॅब बघायला मागितलं नव्हतं,’ असे म्हणत त्यांनी ती मान्यही केली.

लेझर सिंटरिंगचे यंत्र कपाटाएवढे आहे. आत आर्गॉन वायू भरलेला कप्पा, त्यात लोखंडी पाट, आणि पाटावर धातूची भुकटी. ही भुकटी रांगोळीपेक्षा पुष्कळच बारीक, बहुतेक कण १० ते ४५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दरम्यानचे. एक पाते येऊन सुमारे २५ मायक्रॉनचा थर सारखा करून जाते, लेझरचा ठिपका त्यावर दाताच्या आकाराची रेघ ओढतो, तेवढीच भुकटी वितळून खालच्या थराला चिकटते, पाट एक थर खाली उतरतो आणि पाते पुन्हा येते. काचेतून पाहताना ठिणग्यांचा एक किरटा तुरा सतत फिरत राहिलेला दिसतो. एकाच पाटावर बेळगावपासून हुबळीपर्यंतच्या कोणाकोणाच्या दाढा शेजारी शेजारी उभ्या राहत होत्या, प्रत्येकीखाली बारीक टेकूंचे पायाड आणि पायाडाच्या बाजूला क्रमांक. तेथील प्रमुख कारागीर म्हणाले, ‘यंत्राचं काम रात्री संपतं, सर, आमचं सकाळी सुरू होतं.’ त्यांचे म्हणणे पुढे पटले.

धातूच्या दृष्टीने पाहिले तर ही पद्धत म्हणजे सर्वत्र चिल, म्हणजे धातू झटकन निववणारे तुकडे, लावलेले कास्टिंग आहे. इवलासा थेंब क्षणात वितळतो आणि क्षणात थिजतो, त्यामुळे कण अतिशय बारीक राहतात आणि तयार धातू त्याच मिश्रणाच्या ओतीव धातूपेक्षा अधिक ताकदीचा व अधिक कठीण निघतो. जाड भाग शेवटी थिजून पोकळी पडेल, ही माझी जन्माची चिंता येथे उरतच नाही, कारण एका वेळी द्रवरूप असतो तो फक्त ठिपका. पण त्याची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागते. थरामागून थर तापत आणि निवत गेल्याने आत ताण साठतो, आणि तो काढण्याआधी ब्रिज पाटावरून कापला तर तो धनुष्यासारखा वाकतो. म्हणून भुकटीच्या उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला पाटासकट सर्व काम भट्टीत घालून ताण उतरवावा लागतो. लेथच्या बेडला आम्ही हेच करत असू. वेळ वाचवण्यासाठी ही पायरी आखडणारी लॅब असू शकते, आणि तिचा ब्रिज लेझरचा असूनही डुगडुगेल. वापरात न आलेली भुकटी चाळून पुन्हा वापरतात, तेव्हा रिटर्न्सचा प्रश्न येथेही अगदीच सुटलेला नाही. फक्त चाळणी आणि नोंदवही ठेवण्याची शिस्त मला या लॅबमध्ये दिसली.

माझा ब्रिजही पहिल्या मेटल ट्रायलला डुगडुगलाच. सिरॅमिक चढवण्याआधी नुसता धातू दातांवर बसवून पाहतात, त्या वेळी डॉक्टरांनी कॅपच्या आत पातळ सिलिकॉन भरून ब्रिज दाबला आणि काढून उजेडात धरला. पुढच्या कॅपमध्ये सिलिकॉनचा पापुद्रा सर्वत्र सारखा होता. मागच्या कॅपमध्ये एका बाजूला धातू उघडा पडलेला आणि दुसऱ्या बाजूला पापुद्रा जाड. लॅबने त्याच फाइलवरून दुसरा ब्रिज काढून पाठवला. तोही तसाच, त्याच जागी डुगडुगला. हे पाहून डॉक्टर बाई चिंतेत पडल्या आणि मला मात्र हायसे वाटले. ओतीव कामात दोन नग एकाच जागी सारखे चुकणे अवघड असते. दोन्ही सारखे चुकले याचा अर्थ यंत्र नीट आहे आणि पॅटर्नच चुकला आहे. मागची दाढ, मधल्या जागी दात नसल्याने, पुढे कललेली होती आणि माप काढताना तेथेच माप किंचित ओढले गेले होते. नवे माप घेतले, नवी फाइल झाली आणि तिसरा ब्रिज बोटाच्या दाबाने शांतपणे बसला. लॅबने जादा पैसे मागितले नाहीत, पण माझ्या दवाखान्याच्या खेपा मात्र तीनने वाढल्या.

कॅपची कड आणि दात यांच्यामध्ये १२० मायक्रॉनपर्यंतची फट चालवून घ्यावी, असा आकडा १९७१ साली मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी दिला आणि आजही त्याच्याच आधाराने चर्चा होते. तीनही पद्धतींनी नीट केलेले काम या मर्यादेत बसते. त्यांच्यात अव्वल कोण, याविषयी मात्र वेगवेगळ्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. सिरॅमिकच्या पकडीसाठी मानकाने किमान २५ मेगापास्कलची अट ठेवली आहे आणि लेझरचा धातू तीही पार करतो. मला जाणवलेला खरा फरक सरासरीचा नसून सातत्याचा आहे. सिमेंटसाठी किती जागा सोडायची ते ओतीव कामात नमुन्यावर वार्निशचे हात किती फिरवले त्यावर ठरते. लेझरच्या कामात तो आकडा मायक्रॉनमध्ये टाइप करतात. चांगला कारागीर वार्निशच्या हातांनीही तेच साधतो, परंतु तो सुट्टीवर गेला की काय होते ते मी माझ्या नोकरीत पुरेसे पाहिले आहे.

येथे एक सावधगिरी नोंदवावीशी वाटते. काही लॅब संगणकावर आकार करतात, त्याचा रेझिनचा नमुना थ्री-डी प्रिंटरवर काढतात आणि मग तो जाळून धातू नेहमीसारखा ओततात. ही पद्धत वाईट नाही, मेणकामातल्या चुका तीत कमी होतात. पण तिला ‘डिजिटल’ म्हणून लेझरचा दर लावला जात असेल तर आपण पैसे एका गोष्टीचे देतो आणि घेतो दुसरीच. आकसणे, साचा, रायझर, रिटर्न्स हे सर्व तेथे जसेच्या तसे असते. मला आलेल्या एका दरपत्रकात ‘डिजिटल मेटल’ एवढाच शब्द होता आणि तो फोन करून उलगडून घ्यावा लागला.

मिलिंगविषयी माझा अनुभव उसना आहे. मेहुण्यांच्या खालच्या जबड्यात चार इम्प्लांटवर स्क्रूने बसणारा लांब ब्रिज आहे. बेळगाव जिल्ह्यातल्याच हत्तरगीच्या विमानउद्योग वसाहतीत मशिनिंगला असलेल्या पुतण्याला त्याच्या आतला धातूचा सांगाडा ट्रायलच्या दिवशी दाखवला, तेव्हा त्याने प्रथम स्क्रूची बैठक पाहिली आणि मग कटरच्या खुणा. कारखान्यात घडवलेल्या, आत पोकळी नसलेल्या, ९८.५ मिलिमीटर व्यासाच्या चकतीतून असे काम कोरून काढतात. धातू वितळतच नसल्याने आकसणे नाही, साठलेला ताण फारसा नाही, आणि इम्प्लांटच्या बैठकीसारखी सपाट, नेमकी जागा मशिनिंगइतकी चांगली दुसरे काही देत नाही. इम्प्लांट हाडात पक्के रुतलेले असतात, नैसर्गिक दात किंचित सरकून घेतो, तसे ते तसूभरही सरकत नाहीत. त्यामुळे लांब ब्रिज जरा जरी वाकडा असला तरी स्क्रू आवळताना तो ताण थेट हाडावर येतो. अशा ठिकाणी मिलिंगचा जादा दर मला वाजवी वाटला. साध्या कॅपसाठी तो वाटत नाही. चकतीचा बहुतांश भाग चिप्स होऊन भंगारात जातो, कोबाल्ट-क्रोमियममुळे कटर झिजतो, आणि कटरच्या टोकाची गोलाई ज्या कोपऱ्यात शिरत नाही तेथे यंत्राला जास्तच कोरावे लागते, म्हणजे निमुळत्या दातावर कॅप आतून सैल पडते. मिलिंगचाच एक मऊ प्रकारही आहे. त्यात अर्धवट भाजलेली, मेणासारखी सहज कापली जाणारी चकती कोरतात आणि मग आर्गॉनमध्ये सुमारे १३०० अंशांना पक्की भाजतात. भाजताना ती जवळजवळ दहा टक्के आकसते. तो आकडा आधीच धरून मोठा नग कोरतात, हे ठाऊक असूनही, दहा टक्के ऐकल्यावर माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. टायटॅनियमचे काम असेल तर मात्र ओतण्याच्या वाटेला जाऊच नये, कारण वितळलेले टायटॅनियम हवेशी आणि साच्याशी दोहोंशी प्रक्रिया करते आणि त्याच्यावर ठिसूळ कातडी धरते.

माझा लेझरचा ब्रिज बसून आता काही वर्षे झाली. सिरॅमिक शाबूत आहे, हिरडी काळी पडलेली नाही. तक्रारी दोन. मधल्या दाताखाली ज्वारीच्या भाकरीचा बारीक कण अडकतो आणि तो काढायला खास ब्रश लागतो; हा पद्धतीचा नव्हे तर आकाराचा दोष, आणि तो ट्रायललाच बोलून दाखवायला हवा होता. दुसरी तक्रार कार्डाची. ब्रिजबरोबर धातूचे नाव आणि बॅच क्रमांक असलेले कार्ड मिळेल असे सांगितले होते. ते दोनदा आठवण करून दिल्यावर मिळाले, तेही दुसऱ्याच कोणाच्या नावाचे. तिसऱ्यांदा माझे आले. हा कागद क्षुल्लक समजू नये. कोबाल्टला युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२१ पासून कर्करोगकारक पदार्थांच्या वर्गात घातले आहे. पक्क्या पापुद्र्याखाली तोंडात बसलेल्या धातूपेक्षा त्याची धूळ रोज श्वासात घेणाऱ्या लॅबच्या मुलांची मला अधिक काळजी वाटते, आणि म्हणूनच लॅबमध्ये घासकामाच्या टेबलावर धूळ ओढणारा पंखा चालू होता की नाही हेही मी पाहून आलो, तो होता. तरी उद्या तोंडात काही उद्भवले तर आत नेमके काय आहे ते सांगणारा तो एकच कागद आपल्याजवळ असतो. बिलाप्रमाणे तोही कन्नड किंवा इंग्रजीत असतो, एवढे गृहीत धरावे आणि कोणाकडून तरी वाचून घ्यावा.

वरच्या उजव्या बाजूची एक दाढ पुढच्या महिन्यात मुळापर्यंत साफ करून तिच्यावर कॅप बसवायची आहे. डॉक्टर बाईंनी पुन्हा तेच दोन दर सांगितले आणि मी लेझरच सांगितला. जुन्या ब्रिजचा तो बेकेलाइटमधला चमकवलेला तुकडा या वेळी त्यांनी मागून घेतला. ओतीव काम हवे म्हणणाऱ्या लॅबच्या माणसाला दाखवायला तो टेबलाच्या खणात ठेवणार आहेत.